किल्ल्यांचा जुडगा कुणाच्या कमरेला?

१९६६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ॲरिझोनात, पाइन स्प्रिंग्ज नावाच्या नवाहो वस्तीवर सोल वर्थ आणि जॉन अडेर हे दोन अभ्यासक आले. नवाहो तरुणांना कॅमेरा शिकवायचा आणि ते कसे चित्रपट काढतात ते पाहायचं, असा त्यांचा बेत होता. त्यासाठी वस्तीतले वयोवृद्ध वैदू सॅम याझी यांच्या कानावर सगळं घालणं भाग होतं. म्हाताऱ्याने निवांत ऐकून घेतलं आणि विचारलं, यानं मेंढरांना काही इजा होईल का? नाही, असं उत्तर आलं. मग मेंढरांचं काही भलं होईल का? तेही नाही. तर मग हा उद्योग करायचा कशाला, असा याझींचा सवाल होता. वर्थ-अडेर यांनी पुढे आपल्या पुस्तकात ही हकिकत प्रांजळपणे नोंदवली आणि ती पुस्तकापेक्षाही जास्त फिरली.

सिनेमा चांगला की वाईट, हे याझींना विचारायचं नव्हतं. यातून आमच्या पदरात काय पडणार, एवढाच त्यांचा रोख होता. आदिवासी आणि अल्पसंख्य समाजांच्या गोष्टी पडद्यावर कुणी सांगाव्यात, हा वाद आज जगभर चालू आहे, आणि तो बहुधा दोन मुद्द्यांभोवती घुटमळतो: नट कोण आणि दिग्दर्शक कोण. मुद्दे खरेच आहेत. ते डोळ्यांना दिसतात, म्हणून त्यांवर बोलणं सोपंही जातं. पण चित्रण संपल्यावर रिळं कुणाच्या कपाटात जातात, करारावर कुणाची सही असते, तीच गोष्ट दुसऱ्या भाषेत काढायचा हक्क कुणाकडे राहतो, हे पोस्टरवर छापलेलं नसतं. घोडं पेंड खातं ते तिथे.

‘नानूक ऑफ द नॉर्थ’ हे या साऱ्यातलं सर्वांत जुनं आणि सर्वांत जास्त चघळलेलं उदाहरण. रॉबर्ट फ्लॅहर्टीचा हा १९२२ चा मूकपट. पैसा रेव्हियों फ्रेर या फर विकणाऱ्या कंपनीचा. पडद्यावरचा नानूक प्रत्यक्षात अल्लाकारियाल्लाक नावाचा इनुइट शिकारी होता. त्याच्या म्हणून दाखवलेल्या बायका त्याच्या नव्हत्या. एव्हाना बंदूक वापरणाऱ्या माणसांना जुन्या पद्धतीने भाल्याने शिकार करायला लावलं गेलं. बर्फाच्या घरात उजेड पुरेना, म्हणून चित्रणासाठी घराची एक बाजू उघडीच ठेवली. नानूक ग्रामोफोनची तबकडी दातांनी चावून पाहतो, तो प्रसंगही घडवून आणलेला. फ्लॅहर्टीला झोडपताना एक गोष्ट मात्र नजरेआड होते. इनुइट माणसं या चित्रपटात नुसती कॅमेऱ्यासमोर उभी नव्हती; ती कामात त्याची मदतनीस होती आणि झालेलं चित्रण तो त्यांना दाखवतही असे. म्हणजे सहभाग होता, हिस्सा नव्हता. पुढच्या शंभर वर्षांचं भांडण या दोन शब्दांमधल्या अंतराचं आहे.

त्याच इनुइट मुलखात, कॅनडाच्या दूर उत्तरेत इग्लूलिक नावाचं गाव आहे. सत्तरच्या दशकात उपग्रहावरून टीव्ही तिथे पोचू शकत होता. गावाने मतदान घेतलं आणि टीव्ही नाकारला. १९७५ मध्ये एकदा, १९७९ मध्ये पुन्हा. कारण साधं होतं: त्या पेटीत इनुक्टिटुट भाषेचा एक शब्द नव्हता. इनुइटांची स्वतःची प्रसारण संस्था उभी राहिल्यावरच गावाने दार उघडलं. दरम्यान, १९८१ मध्ये याच गावचा झकरायस कुनुक नावाचा तरुण दगडात कोरलेल्या मूर्ती विकायला माँट्रियलला गेला आणि आलेल्या पैशांतून व्हिडिओ कॅमेरा घेऊन परतला. १९९० मध्ये त्याने पॉल आपाक, पाउलूसी कुलितालिक आणि न्यूयॉर्कहून येऊन तिथलाच झालेला नॉर्मन कोन यांच्यासोबत ‘इसुमा’ ही निर्मिती संस्था काढली.

‘अतानार्जुआत’ हा त्यांचा चित्रपट २००१ मध्ये कान महोत्सवात कॅमेरा दोर, म्हणजे पदार्पणाचा सर्वोत्तम चित्रपट, ठरला. संपूर्ण इनुक्टिटुटमधला हा पहिला कथापट. बर्फावरून नागव्याने जीव घेऊन पळणाऱ्या माणसाची ही पिढ्यानपिढ्या सांगितली गेलेली कथा. आपाकने गावच्या आठ जाणत्यांकडून ती ध्वनिमुद्रित करून घेतली आणि त्या आठ रूपांतून पटकथा उभी केली. चित्रपट पुरा होण्याआधीच, १९९८ मध्ये, तो वारला. कपडे गावातल्या बायकांनी शिवले. जुनी धाटणी जुळवायला त्यांनी १८२० च्या दशकात इथे हिवाळा काढलेल्या ब्रिटिश दर्यावर्दींच्या नोंदी आणि रेखाटनांचाही आधार घेतला. परक्याने काढलेलं चित्र घरी आणून त्यावरून आजोबांचा अंगरखा शिवायचा, ही वसुली मोठी झकास आहे.

पण ‘अतानार्जुआत’मधली सर्वांत धीट गोष्ट शेवटाशी येते. मूळ कथेत नायक वैऱ्यांना ठार करून सूड पुरा करतो. चित्रपटात तो हात आवरतो. खुनाचं चक्र थांबतं आणि गुन्हेगारांना वस्तीबाहेर काढलं जातं. हाच बदल एखाद्या परक्या दिग्दर्शकाने केला असता, तर लोककथेची मोडतोड केली म्हणून त्याच्यावर तुटून पडायला हवं होतं. कुनुकच्या मंडळींनी केला तेव्हा तो गावाने आपल्या गोष्टीत केलेला बदल ठरला. स्वतःच्या गोष्टीवर ताबा म्हणजे ती आहे तशी लोणच्यासारखी बरणीत भरून ठेवणं नव्हे; ती बदलायचा हक्कही त्यात येतो.

पैशाचं काय? कॅनडाच्या टेलिफिल्म या सरकारी संस्थेत इंग्रजी-फ्रेंच चित्रपटांसाठी मोठी थैली होती, आदिवासी भाषांसाठी वेगळी आणि लहान. इसुमाला टेलिफिल्मशी वर्षानुवर्षं झगडावं लागलं. त्या झगड्याचं फळ बरंच उशिरा दिसलं: २०१८ मध्ये आदिवासी निर्मात्यांनीच चालवायचं इंडिजिनस स्क्रीन ऑफिस स्थापन झालं आणि २०२१ च्या अर्थसंकल्पात त्याला तीन वर्षांसाठी ४ कोटी १ लाख डॉलर मिळाले. ऑस्ट्रेलियाने हे पाऊल आधी टाकलं होतं. तिथल्या फिल्म आयोगात १९९३ मध्येच आदिवासींचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. ‘सॅमसन अँड डिलाइला’चा दिग्दर्शक वॉरविक थॉर्नटन, ‘रेडफर्न नाऊ’ मालिकेमागची रेचेल पर्किन्स ही त्याच काळात घडलेली पिढी. हुशार माणसं सगळीकडे असतात. वीस वर्षं न थांबता चालणारा निधी सगळीकडे नसतो.

आता कपाटाकडे. या बाबतीत न्यूझीलंडच्या माओरींनी जेवढा विचार केला तेवढा क्वचितच कुणी केला असेल, आणि त्याचं बरंचसं श्रेय बॅरी बार्क्ले या चित्रकर्त्याला जातं. १९७४ मध्ये त्यांनी इतिहासकार मायकेल किंग यांच्यासोबत ‘तांगाता फेनुआ’ ही सहा भागांची मालिका केली. म्हाताऱ्या माणसांना बुजल्यासारखं होऊ नये म्हणून बार्क्ले कॅमेरा लांब ठेवत आणि लांब पल्ल्याच्या भिंगातून टिपत. समोर गप्पा रंगत, कॅमेरा कोपऱ्यात बसून ऐके. माओरींच्या मराए या सभास्थानी जमलेल्या बैठकीत प्रत्येकाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेण्याची रीत आहे. चित्रपटानेही तसंच वागावं, असं त्यांचं म्हणणं. १९८७ चा त्यांचा ‘न्गाती’ हा माओरी दिग्दर्शकाने केलेला पहिला पूर्ण लांबीचा कथापट.

२००२ मध्ये ऑकलंडच्या व्याख्यानात बार्क्लेंनी ‘चौथा सिनेमा’ ही कल्पना मांडली. हॉलिवूडचा पहिला, कलावंतांचा दुसरा, तिसऱ्या जगाचा तिसरा. ज्या लोकांच्या देशावर दुसऱ्यांचं राज्य बसलं त्या मूळ रहिवाशांचा चौथा. त्यासाठी त्यांनी दिलेलं चित्र लगेच समजण्यासारखं आहे. युरोपीय जहाज बेटाला लागतंय असा प्रसंग शंभर चित्रपटांत येतो. कॅमेरा नेहमी जहाजाच्या डेकवर असतो आणि किनाऱ्यावर हात हलवणारी, नाचणारी माणसं लांबून दिसतात. तोच कॅमेरा किनाऱ्यावर उतरवला तर जहाज कसं दिसेल?

चौथ्या सिनेमावर नंतर प्रबंधांचा ढीग पडला. बार्क्लेंचं दुसरं काम मात्र तितकंसं चर्चेत नाही: चित्रफितींचा ताबा. माओरी माणसांची चित्रं कुठल्या का संस्थेत असेनात, त्यांच्यावर वंशजांची राखण चालते, असं ते मानत. त्या राखणदारीला माओरीत ‘काइतियाकितांगा’ म्हणतात. कॉपीराइट मुदतीने संपतो आणि विकताही येतो. राखणदारी विकता येत नाही. न्यूझीलंडच्या फिल्म संग्रहालयाने हा विचार कामात आणला. सरकारी संग्रहालयाच्या जेम्स मॅकडोनाल्ड यांनी १९१९ ते १९२३ या काळात चित्रित केलेली माओरी जीवनाची मूक रिळं दुरुस्त करून १९८० च्या दशकात ज्या त्या मराएवर परत नेण्यात आली. पडद्यावर पणज्या-पणजोबा उमटले, तेव्हा समोरची माणसं नाव घेऊन त्यांना हाका मारत होती, रडत होती, त्यांच्याशी बोलत होती. कपाटात ही रिळं मानववंशशास्त्राचं साहित्य होती. गावात ती घरची माणसं झाली.

रिळांवर ताबा म्हणजे केवळ हळव्या आठवणींचा मामला नव्हे, हे माओरी चित्रकर्त्या मेराता मिटा यांच्याकडून शिकावं. १९८१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या रग्बी संघाच्या दौऱ्याविरुद्ध न्यूझीलंड पेटलं, ते त्यांनी ‘पातू!’ या माहितीपटात टिपलं. त्या चित्रणात निदर्शकांचे चेहरे होते आणि पोलिसांना ते हवं होतं. तेव्हा रिळं लपवून ठेवणं हाही चित्रपट काढण्याचाच भाग झाला. मिटा २०१० मध्ये गेल्या. त्यांच्यावरचा चित्रपट काढला तो त्यांच्या मुलाने, हेपी मिटाने, जो स्वतः संग्रहालयात काम करणारा होता. पॅट्रिशिया ग्रेस यांच्या ‘कझिन्स’ कादंबरीवर चित्रपट करायचं मिटांचं स्वप्नही २०२१ मध्ये दोन माओरी दिग्दर्शिकांनी पुरं केलं, आणि त्यातली एक, ब्रायर ग्रेस-स्मिथ, लेखिकेच्याच घरातली सून राहिलेली.

रिळं आता इंटरनेटवर आली आहेत, त्यामुळे कपाटाला मागची बाजूच उरलेली नाही. २०१५ मध्ये कॅनडातल्या एका दिग्दर्शकाने उत्तरेतल्या इनुइट लोकांनी यूट्यूबवर टाकलेल्या चित्रफिती उचलून आख्खा माहितीपट जोडला. तिथे पाऊलही न ठेवता. त्यात दारूच्या नशेतली माणसं होती. गायिका तान्या तागाकचं संगीतही न विचारता घेतलेलं होतं. तिने आवाज उठवल्यावर ते काढावं लागलं. कॅमेरा इनुइटांच्याच हातात होता, तरी गोष्ट त्यांची राहिली नाही. ‘आता तर प्रत्येकाच्या हाती मोबाइल आहे, मग तक्रार कसली’ असं म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावं.

बड्या कंपन्या हल्ली शहाण्या झाल्या आहेत, किंवा सावध. ‘फ्रोझन’च्या पहिल्या भागात (२०१३) उत्तर युरोपातल्या सामी लोकांचा पेहराव आणि गायकी वापरल्याबद्दल डिस्नीवर टीका झाली. दुसऱ्या भागाच्या वेळी, सप्टेंबर २०१९ मध्ये, नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड इथल्या सामी संसदा आणि सामी परिषद यांच्याशी कंपनीने लेखी करार केला. सामी जाणकारांचा सल्लागार गट नेमला गेला, चित्रपट उत्तर सामी भाषेत निघाला, सामी तरुणांना स्टुडिओत शिकायची संधी मिळाली. एवढ्या मोठ्या स्टुडिओने एका लहानशा समाजासमोर सही करावी, ही गोष्ट छोटी नाही. तरीही हिशेब नीट वाचावा. चित्रपट डिस्नीचा, बाहुल्या डिस्नीच्या, पुढचे भाग डिस्नीचे. सामींना मिळाला तो मान, सल्ल्याचा अधिकार आणि मुलांना आपल्या भाषेत पाहता येईल असा एक चित्रपट. याझींच्या मेंढरांच्या भाषेत सांगायचं तर इजा टळली आणि थोडं भलं झालं.

मग फक्त आतल्यांनीच सांगावं का? ऑस्ट्रेलियातला ‘टेन कनूज’ (२००६) या प्रश्नाला सरळ उत्तर देत नाही, हे बरंच आहे. दिग्दर्शक रोल्फ द हीर गोरा. पण १९३० च्या दशकातलं दहा होड्यांचं एक छायाचित्र त्याच्यापुढे ठेवून इथून सुरुवात कर म्हणणारा डेव्हिड गुलपिलिल तिथल्या आदिवासींतलाच, सहदिग्दर्शक पीटर जिगिर तिथलाच. आणि कुणी कुणाची भूमिका करायची हे फोटोतल्या पूर्वजांशी असलेल्या नात्यावरून आणि विवाहाच्या नियमांवरून गावाने ठरवलं. दिग्दर्शकाला नट निवडायची मुभाच नव्हती! उलट ‘किलर्स ऑफ द फ्लॉवर मून’मध्ये (२०२३) मार्टिन स्कॉर्सेसीने अमेरिकेतल्या ओसेज आदिवासींचं ऐकून पटकथा फिरवली, भाषा आणि कपडे काटेकोर केले. तरी ओसेज स्त्रीची कहाणी बऱ्याच अंशी तिला फसवणाऱ्या गोऱ्या नवऱ्याच्या बाजूनेच पडद्यावर आली. चित्रपटाच्याच एका ओसेज भाषा-सल्लागाराने ते जाहीरपणे बोलून दाखवलं.

‘आतला’ कोण हे ठरवतानाही पाय घसरतो. २०२० मध्ये कॅनडात आदिवासी म्हणून नावाजलेल्या एका दिग्दर्शिकेच्या वंशाच्या दाव्यावर शंका आल्या; तिचा पुरस्कारप्राप्त माहितीपट वितरणातून मागे घेतला गेला, मालिका बंद पडली. निधी राखीव झाला की दाखल्यांचा बाजार भरतो, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला समजावून सांगायची गरज नाही.

भारतात नकाराचं सर्वांत स्पष्ट उदाहरण अंदमानातलं. १९७४ मध्ये उत्तर सेंटिनल बेटाच्या किनाऱ्यावर माहितीपट काढायला मंडळी गेली, तेव्हा दिग्दर्शकाच्या मांडीत बाण लागला. अंदमानातल्याच जारवा आदिवासींना असं जमलं नाही. खाण्याच्या मोबदल्यात जारवा बायकांना पर्यटकांसमोर नाचायला लावल्याची चित्रफीत २०१२ मध्ये जगभर फिरली.

मुख्य धारेतल्या चांगल्या, भल्या मनाच्या चित्रपटांचीही एक रीत होती. सत्यजित राय यांच्या ‘अरण्येर दिन रात्री’त (१९७०) संथाळ मुलगी झाली ती काळा रंग फासलेली सिमी गरेवाल. जब्बार पटेल यांच्या ‘जैत रे जैत’मध्ये (१९७७) ठाकरांची कथा गो. नी. दांडेकरांची, गाणी ना. धों. महानोरांची, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, नायिका स्मिता पाटील. ही सारी गुणी माणसं, चित्रपट आजही गुणगुणला जातो. पण त्या श्रेयनामावलीत महत्त्वाच्या जागी ठाकर शोधावा लागतो. गोविंद निहलानींच्या ‘आक्रोश’ने (१९८०) तर याचं रूपकच करून टाकलं. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला लहान्या भिकू जवळपास चित्रपटभर गप्प असतो. आदिवासीला बोलू दिलं जात नाही, ही तेंडुलकरांची टीका अचूक होती; आणि तीही आदिवासीने न बोलताच मांडली गेली होती.

या गप्प लहान्याला आवाज फुटला तो मुंबईत नाही, रांचीत. कुडुख भाषक आदिवासी समाजातला बिजू टोप्पो आणि त्याचा साथीदार मेघनाथ यांनी ‘अखरा’ या गटातून नव्वदच्या दशकापासून विस्थापन, खाणी, चहामळ्यांतले मजूर यांवर माहितीपट काढले. राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, पण चित्रपटगृह मिळालं नाही. राष्ट्रीय पुरस्कारांत आठव्या परिशिष्टाबाहेरच्या भाषांसाठी स्वतंत्र सोय आहे, आणि त्यामुळे सांगे दोर्जी थोंगडोकचा अरुणाचलातल्या शेरदुकपेन भाषेतला ‘क्रॉसिंग ब्रिजेस’ निदान बातमीत तरी आला. कॅनडा-ऑस्ट्रेलियासारखी, आदिवासींनीच चालवायची निधीची राष्ट्रीय यंत्रणा आपल्याकडे नाही.

मराठीत आतून उघडलेलं दार नागराज मंजुळेंचं. ‘फँड्री’ (२०१३) हा शब्दच कैकाडी, अर्थ डुक्कर. डुक्कर टप्प्यात आलं असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं, डुक्कर निघून जातं. हा प्रसंग सहानुभूतीने सुचत नाही, तिथे उभं राहिलेल्यालाच सुचतो. शेवटी चित्रपटाचा नायक जब्या याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्यावर येतो. बार्क्लेंना हा दगड आवडला असता. तो किनाऱ्यावरून डेकवर मारलेला आहे.

आणि तरी ‘सैराट’चं पुढे काय झालं पाहा. २०१६ चा हा चित्रपट मंजुळेंचा खरा, पण निर्मितीत ‘झी’चा मोठा वाटा होता. दोन वर्षांत त्याचा हिंदी अवतार ‘धडक’ आला. निर्माते धर्मा प्रॉडक्शन्स आणि झी स्टुडिओज. करमाळ्याच्या बाजूचा मुलूख जाऊन उदयपूरचे महाल आले, आणि ज्या एका गोष्टीपायी ‘सैराट’ घडतो ती जात इतकी पुसट झाली की प्रेमिकांवर घाला घालायचं कारणच कळेना. यात बेकायदा काही नव्हतं. गोष्ट सांगणारा आतला होता, गोष्टीचे हक्क बाहेरचे होते, इतकंच. तमिळमध्ये दलित दिग्दर्शक पा. रंजित यांनी ‘नीलम’ ही स्वतःची निर्मिती संस्था काढून मारी सेल्वराजचा ‘परियेरुम पेरुमाळ’ (२०१८) उभा केला, त्यामागे हाच हिशेब असावा.

राहता राहिलं कपाट. फिल्म्स डिव्हिजनने १९४८ पासून आदिवासी समाजांवर माहितीपट काढले. २०२२ मध्ये ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. या रिळांमधली वारली, गोंड, कातकरी, भिल्ल माणसं कोण, कुठल्या पाड्यावरची, त्यांची नातवंडं आज कुठे आहेत, याची यादी करायला फार पैसा लागणार नाही. संग्रहालयाने, विद्यापीठांच्या मानववंशशास्त्र विभागांनी आणि घरात जुनी आठ-सोळा मिलिमीटरची रिळं पडून असलेल्या संशोधकांच्या वारसांनी हे काम हाती घ्यावं. एक पडदा, एक प्रोजेक्टर आणि पाड्यावरची एक संध्याकाळ, सुरुवातीला एवढं पुरेल. दाखवून झाल्यावर ही रिळं पुढे कुणाला दाखवायची आणि कुणाला नाही, हे तिथे बसलेल्यांनाच विचारावं.